भुवयाबी दिल्यास व्हय?

केस गेल्याचं मला वाईट वाटलं, न्हाय म्हणत न्हाय. पण डोकं उठवलं ते माणसांनी.

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. मी आक्काताई, पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करतो, वीस वर्सं झाली. नवरा कृष्णात घरातच भट्टी बघतो. दोन हजार तीनच्या दिवाळीत माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, छाती काढली. मग केमोचं डोस सुरू झालं, तीन-तीन आठवड्यांनी एक, असं सहा. दुसरा डोस व्हायच्या आधीच केस मुठीमुठीनं हातात यायला लागलं. उशीवर केस, पिठात केस, घुंगरांच्या ताटात केस. रोजची कटकट नको म्हणून न्हाव्याला घरी बोलावलं आणि पार गोटा करून टाकला.

सासूबाई, चिमणाबाई त्यांचं नाव, दारातच मटकन खाली बसल्या. "अगं, नवरा जिता असताना डोकं भादरलंस? कुणाला तोंड दावायचं आम्ही? आणि शिवानीचं कसं व्हायचं?"

शिवानी म्हणजे माझी एकुलती एक पोरगी, बावीस वर्सांची, डी.एड. झालेली. तिला नेसरीचं स्थळ चालून आलेलं. मुलगा विजयसिंह, दूध डेअरीत नोकरीला, घरचा ऊस. लांबच्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना बघितलेलं, आणि पोरीच्या मनात भरलेला. आईला कॅन्सर हाय म्हटल्यावर पावणं पाठ फिरवणार, एवढं मला बी कळत व्हतं. म्हणून मी गप बसलो. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नळावर जाहीर करून टाकलं, "आमच्या सूनबाईनं तिरुपतीला केस दिलं. नवस व्हता."

झालं! दुपारी गल्लीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन पाया पडायला हजर. मी उलट्या करून आडवा पडलेलो, आणि ह्या माझ्या पायावर डोकं ठेवत्यात. वर विचारत्यात, "परसाद कुठाय?" आता तिरुपतीला जाऊन आलं म्हटल्यावर लाडू नको? सासूबाईंनी कृष्णातला पिटाळलं, त्यानं कोल्हापूरच्या शाहूपुरीतनं दोन किलो बुंदीचं लाडू आणलं. ते खाऊन एकजण म्हणली, "औंदा बालाजीच्या लाडवात काजू कमी केलाय बाई." मी भिंतीकडं तोंड करून झोपलो.

बरं, देवाला दिलेलं केस म्हयन्याभरात उगवायला लागत्यात. माझं कुठलं उगवायला! दोन म्हयनं झालं तरी डोकं गुळगुळीत. "परत गेलतीस व्हय गं?" असं सुरू झालं. मग भुवया गेल्या, पापण्या गेल्या. शेजारीण तोंडावर हात ठेवून विचारती, "अगंबाई, भुवयाबी दिल्यास व्हय?" आता काय सांगू तिला, कपाळ माझं!

नखं काळी पडली, तोंड काळवंडलं. छातीच्या जागी जुन्या लुगड्याची घडी शिवून ब्लाउजात ठेवायचो. वाकून घुंगरं जोडताना ती सरकत गळ्याशी यायची. दिवसातनं पन्नास वेळा आत हात घालून ती जागेवर बसवायची, ती बी कोण बघत न्हाय ना ते बघून. कृष्णातनं कोल्हापूरच्या नाटकवाल्यांकडनं केसांचा टोप आणला. तो घातला तर मी राज्याभिषेकाला निघाल्यागत दिसाय लागलो. घुंगरं जोडायच्या गॅसच्या ज्योतीपुढं असलं घालून बसायचं? म्हटलं, "मला जाळतोस काय?" बिचारा गुमान परत घेऊन गेला.

एकदा न्हाणीत अंघोळ करताना खाली बघितलं आणि रडलो. ही बाई कोण, तेच कळंना. पण रडायला तरी सवड पाहिजे की! बाहेरनं हाक आली, "आक्काताई, हाय काय गं घरात? नवस कसा बोलायचा ते सांग की जरा."

पाचव्या डोसानंतर आठवड्यानं नेसरीचं पावणं मुलगी बघायला आलं. सासूबाईंनी मला बजावलं, "डोईवरचा पदर हालू द्यायचा न्हाय. विचारलंच तर बालाजी." पोहं झालं, चहा झाला. पुरुष माणसं बाहेर ऊसदरावर बोलत बसली. शिवानीचा चेहरा लाल झालेला, विजयसिंहची नजर तिच्यावरनं हालत नव्हती. जमलंच म्हणायचं.

तेवढ्यात मुलाची आई शालूबाई उठून सैपाकघरात आली. माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणली, "तुम्ही बालाजीला केस दिलंसा म्हणं. नवस कशाचा व्हता?"

"असाच," म्हटलं. "घरादारासाठी."

"पावला?"

"पावंल की."

तिनं बाहेर बघितलं. मग माझा हात धरला आणि पदराखालनं नेऊन सरळ आपल्या छातीवर ठेवला. "मला बी बोलायचाय. ही बघा. आठ म्हयनं झालं. दुखत न्हाय, पण वाढालीया. घरात कुणाला बोललो न्हाय. ही विरघळली तर केस देतो म्हणून ठरवलंय. लग्न झालं की जातो तिरुपतीला."

माझ्या बोटांखाली ती गाठ. मी ती चांगली वळखत व्हतो.

दारातनं सासूबाई खाकरल्या. एकदा, दोनदा. डोळ्यांनी नको नको म्हणत व्हत्या. बाहेर पोरगी बसलेली, तिचा जीव त्या पोरात गुतलेला. गप बसलो तर तिचं लग्न व्हतंय. आणि ही बाई लग्न उरकून तिरुपतीला जाणार, तवर काय राहतंय हिचं? पण राग आला तो माझाच मला. खोटं बोलली सासू, पण परसाद वाटू दिला तो मी!

मी उठलो, सासूबाईंच्या तोंडावर दार लावलं. डोईवरचा पदर काढला. ब्लाउजाची बटणं काढली, ती लुगड्याची घडी बाहेर काढून पोह्यांच्या परातीत टाकली आणि म्हटलं, "बघा. नीट बघून घ्या. देवानं न्हाय, डॉक्टरनं काढलंय हे. कॅन्सर व्हता. केस औषधानं गेलं. कुठला नवस आणि कुठला बालाजी!"

शालूबाई आडव्या टाक्यांकडं बघतच राहिली. मग म्हणली, "आणि तरी काम करतासा?"

"करतो की. न करून सांगतो कुणाला?"

"हे मला सांगितलंसा. आता तुमच्या पोरीचं..."

"मोडंल," म्हटलं. "मोडू दे. सोमवारी माझ्यासंगं दवाखान्यात यायचं. न्हाय आलासा तर मी नेसरीला येऊन तुमच्या दारात बोंबलीन."

आली बाई. तपासणी झाली, निघाला कॅन्सरच. पण वेळेत हाय म्हणलं डॉक्टर. पंधरा दिवसांत तिचं ऑपरेशन झालं, आणि त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याचा निरोप आला, "पत्रिका जुळत न्हाय." आधी अठ्ठावीस गुण जुळत व्हते! बायको दवाखान्यात कशानं पडलीया ते बघंना, आणि तिच्याकडनं कळलेलं माझं दुखणं मात्र दिसलं. मी भांडी आपटली, शिव्या घातल्या. शिवानी चार दिवस माझ्याशी बोलली न्हाय. पाचव्या दिवशी जवळ येऊन बसली आणि म्हणली, "तू बरोबरच केलंस. पण मला लई वाईट वाटालंय." मलाबी वाटत व्हतं. दोघी मिळून रडलो.

श्रावणात एका दुपारी दारात शालूबाई उभी. अंगानं निम्मी झालेली, भुवया गेलेल्या. पदर खांद्यावर, आणि डोकं उघडं, माझं व्हतं तसंच गुळगुळीत. स्टँडपासनं तशीच चालत आलेली. आख्खी गल्ली दारादारात.

"मुलगी मागायला आलोय," ती मोठ्यांदा म्हणली. "मालकांना सांगितलंय, त्या बाईची लेक चालत न्हाय, तर मी तरी कशाला घरात पाहिजे? त्यांचं तोंड बंद झालं."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. तोवर शिवानी आतनं आली. वाकून शालूबाईच्या पाया पडली, तिला पाणी दिलं.

"मावशी, तुम्ही आलासा, लई बरं वाटलं," ती म्हणली. "पण लग्न मला तुमच्याशी करायचं न्हाय. तुमचा पोरगा कुठाय?"

शालूबाईची मान खाली गेली. "स्टँडवर बसलाय. म्हणला, तू हो पुढं. असं डोकं घेऊन संगं चालायला त्याला..."

शिवानीनं पायात चपला सरकवल्या.

"अगं, कुठं निघालीस?" सासूबाई वरडल्या.

"स्टँडवर. आईसंगं चालायची लाज वाटती, तर उद्या मला गाठ आली की काय करशील, एवढंच विचारून येतो."

मी तिला अडवलं न्हाय. म्हटलं, "जा. आणि उत्तर नीट न्हाय दिलं, तर एकटीच परत ये."