तिजेच्या आदल्या दिवशीचा आकडा

आमच्या ठेकेदार कंपनीचं डोकं मुंबईला आणि हातपाय भिलाईला. मी मधला, प्लॅनिंगचा मुन्शी. कारखान्याच्या पायात रोज किती घमेली काँक्रीट पडलं ते लिहून मुंबईला पाठवायचं. दोन वर्षं हेच करून मला अगदी वीट आला होता.

घमेली वाहायला चाळीस रेजा, म्हणजे मजूर बाया, होत्या. बहुतेक छत्तीसगढी. त्यांची मेट, म्हणजे मुकादम, रंभा तेवढी गोंदियाकडची. दिवसाला आठ हजार घमेली पडत.

तिजेच्या सणाला तिकडे लेकी माहेरी जातात. आदल्या दिवशी न्यायला आलेले भाऊ सकाळपासूनच फाटकाबाहेर सुपेल्याच्या रस्त्यावर बसून होते. आमच्या इथल्या साहेबांनी अट घातली, दीड दिवसाचं काम आज उरका, तरच सुट्टी. बाया जेवायलाही थांबल्या नाहीत. बारा हजार घमेली पडली!

मला कोण आनंद! आमची टोळी काय चीज आहे ते मुंबईला कळू दे, म्हणून मी तो आकडा लाल शाईने लिहिला. तीज मात्र लिहिली नाही. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात. मी दुसऱ्यांच्या पायावर पाडला.

दोन महिन्यांनी मुंबईहून पुढच्या कामाचा आराखडा आला. घमेली रोज आठ हजारच, पण त्या लाल आकड्याच्या हिशेबाने बाईमागे तीनशे धरून बाया सत्तावीस. तेरा जणी कमी करायच्या.

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, तो तिजेचा दिवस होता. रोज तसं नाही व्हायचं."

"एकदा झालं ना? मग रोज तीजच समजा."

मला संताप आला, पण आराखडा उचलून बाहेर आलो. माझंही पोट त्याच कंपनीवर होतं.

रंभाला सांगितलं.

"त्या दिवशी म्याच त्याईले पळवलं, मुन्शीजी. आता कोनत्या तोंडानं सांगू?"

"सांगा तं लागनच, रंभाबाई. कोनत्या तेरा, ते तुमीच ठरवा."

"म्या कावून ठरवू? आकडा तुमी लिवला ना? मंग नावंबी तुमीच लिवा."

मी वही उघडली. बाया समोर येऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षं मी त्यांची घमेली मोजत होतो. रंभा सोडली तर त्यांतल्या एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं.