चित्रफळीच्या कडेचे रंग

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्यावर कागद लावून चित्रं काढली जात, म्हणून घरात मला चित्रफळी म्हणत. माझी मालकीण मुलांसाठी गोष्टी लिहायची आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढायची. तिची छत्रीवाली अस्वलं आणि बूट घातलेली बदकं कितीतरी मुलांच्या उशाशी झोपली आहेत, हे मी जरा मिरवूनच सांगते.

सुताराने रंधा मारून मला तिच्या हाती दिलं, तेव्हा मी चांगली गोरीगोमटी होते. ती ऐट पहिल्याच दिवशी उतरली. कागदाला ब्रश लावण्याआधी मालकीण माझ्या कडेवर एक रेघ ओढून बघायची. रंग मनासारखा असला तर कागदावर, नाहीतर पुन्हा कालवाकालव. मला आधी फार राग यायचा. पण डाव्या टोकाला पहिल्या पुस्तकातल्या मांजरीपासून सुरू झालेल्या त्या रेघा एकेका पुस्तकाबरोबर पुढे सरकत गेल्या, आणि रागाचा अभिमान कधी झाला ते मला कळलंच नाही.

तिचे यजमान म्हणजे भला माणूस. ब्रश धुवून ठेवायचे, चहा आणून द्यायचे आणि मला पाहून नाक मुरडायचे. "अगं, या फळीची पार रया घालवलीस," ते म्हणायचे.

"असू द्या हो," म्हणून ती हसायची आणि पुन्हा कामात बुडून जायची. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. मी कपाटामागे धूळ खात पडले. मला तिची फार आठवण यायची. मग वाचनालयाने तिच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरवला आणि मला तिथे मांडायचं ठरलं. यजमानांना हुरूप आला. तिच्यासाठी करण्याजोगं तेवढंच उरलं होतं. त्यांनी पॉलिशवाल्याला बोलावलं.

"काका, डाग आत मुरलेत. घासूनच काढावे लागतील," तो म्हणाला.

"मग घासा. चार लोक बघणार, तिला नावं ठेवायला जागा नको."

डावीकडून सँडपेपर फिरू लागला. मला तोंड असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. अर्धी कड घासून झाली तेव्हा नात शाळेतून आली. उरलेल्या कडेवर बोट ठेवून ती म्हणाली, "आबा, हा बघा अस्वलाच्या छत्रीचा निळा. आणि हा बदकाच्या बुटांचा."

पॉलिशवाल्याचा हात थांबला. आबा चष्मा लावून माझ्यावर वाकले.

"मग आजीची मांजर कुठे आहे?" नातीने विचारलं.

मांजर खाली जमिनीवर, भुशात पडली होती. आबांनी तो भुसा ओंजळीत घेतला. "मला डाग वाटले गं," एवढंच ते म्हणाले आणि नातीसमोर लहान मुलासारखे रडले.

आता मी तशीच, अर्धी घासलेली, वाचनालयात आहे. मुलं पुस्तक उघडून माझ्याशी रंग जुळवतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणते, ज्याची वस्तू आहे त्याच्यापाशी आधी घटकाभर बसा आणि हे काय आहे म्हणून विचारा. आबा रोज माझ्यापाशी येऊन बसतात. त्यांना विचारायचं पुष्कळ आहे, सांगणारी मात्र नाही.