टोपांच्या खोलीतला स्ट्रेटनर

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी ताई किंवा काकू आरशासमोर बसून केस सरळ करत असेल, तर तिच्या हातातला तो चिमट्यासारखा प्रकार माझ्याच जातीचा समजा. लोक आम्हाला स्ट्रेटनर म्हणतात. मी त्यातला जुना, जाड वायरीचा. दोन पट्ट्या, एक बिजागरी, एक लाल दिवा आणि आच कमीजास्त करायची एक गोल चकती, एवढाच माझा संसार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने मला तापवले आणि माझ्या पट्ट्यांमध्ये कागदाचा कपटा धरला. कागद पिवळा पडला नाही, तेव्हा तिने मान डोलावली आणि मला खोक्यात निजवले. त्यानंतर बरेच दिवस अंधार होता.

खोके उघडले ते एका नाट्यगृहात, रंगमंचामागच्या जिन्याखालच्या अरुंद खोलीत. फळ्यांवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकावर एक टोप होता. टोप म्हणजे नटनट्या डोक्यावर चढवतात ते खोटे केस. खोटे तरी कसे म्हणावे? केस खरेच असतात. उगवतात एकाच्या डोक्यावर आणि मिरवतात दुसऱ्याच्या, इतकेच. राणी आणि तिची मोलकरीण त्या फळीवर शेजारीशेजारी बसायच्या आणि भांडत नसत.

या खोलीची मालकीण होती आत्या. नाट्यगृहात लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेले दारावरचे काकासुद्धा. बाई ठेंगणी होती, हात कायम ओलसर असत आणि डोक्यावर इतके दाट कुरळे केस, की खोचलेली पेन्सिल दुपारपर्यंत सापडू नये. दुसऱ्यांचे केस सरळ करण्यात हयात गेली, पण स्वतःच्या केसांना तिने मला कधी लावले नाही. "बाबांचे केस आहेत, असू देत तसेच," एवढेच म्हणायची.

तिची कामाची रीत मला पहिल्याच दिवशी आवडली. मला तापवायची तिला मुळीच घाई नसे. आधी टोप कोमट पाण्यात बुडायचा, मग कंडिशनर लागायचे, मग रुंद दातांचा कंगवा टोकांपासून हळूहळू वर चढायचा. मऊ कापडाने पाणी टिपायचे, चोळायचे नाही. केस पूर्ण वाळले, त्यांना बोटाच्या पेराएवढे क्रीम लागले, की मग माझी पाळी. चकती मंद खुणेवर ठेवून ती मला एकदाच ओढायची, वरून खाली, न थांबता.

कुणी नट घाई करू लागला, तर ती सांगायची, "टोपाला मूळ नसतं रे. डोक्यावरच्या केसाला तेल आतून मिळतं, याला कोण देणार? आपणच. तहानलेल्या केसाला आच दाखवली की तो तुटतो."

आमचे टोप वर्षानुवर्षे टिकले. दुसऱ्या नाटकमंडळींची माणसे येऊन आत्याला विचारून जात. माझेही कौतुक व्हायचे. "यंत्र चांगलं आहे हो तुमचं," लोक म्हणत. आत्या ते मनावर घेत नसे. मी घेत असे.

आत्या सगळ्यांची असली, तरी खरीखुरी आत्या ती एकाच मुलीची. या भाचीचे केसही घराण्याचे, कुरळे आणि दाट. दाबले की पुन्हा उसळी मारायचे. म्हणून तिला सगळे स्प्रिंग म्हणत. तिची आई इस्पितळात परिचारिका होती, पहाटेच कामावर जायची. शाळेची बस नाट्यगृहाच्या दारातून सुटायची. त्यामुळे स्प्रिंगची वेणी टोपांच्या खोलीतच व्हायची. आत्याची तेव्हा आदल्या दिवशीच्या टोपांची धांदल सुरू असे. हाताला लागेल तो कंगवा घेऊन ती भराभर ओढायची. मुलगी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. डोळे भरायचे, पण तोंडातून आवाज नाही.

"झालं, झालं," आत्या म्हणायची, आणि खरेच ते लवकर व्हायचे.

स्प्रिंग मोठी झाली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. शिक्षण संपता संपता तिला त्याच नाट्यगृहात गाण्यांच्या कार्यक्रमांचे निवेदन मिळू लागले. आणि एके दिवशी ती आली ती सरळसोट केस घेऊनच. पार्लरमध्ये औषध लावून तिने ते कायमचे सरळ करून घेतले होते. घरात कुणालाही विचारले नव्हते.

दारावरच्या काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "आता तुला हाक काय मारायची? पट्टी?"

ती हसली. आत्या हसली नाही. "छान," म्हणाली, पण नको असलेल्या पाहुण्याला 'बसा' म्हणावे त्या सुरात. भाचीचा चेहरा पडला, आणि दोघींमध्ये काहीतरी अडून राहिले. बोलणे बंद नव्हते. चहा झाला का, आई कशी आहे, असले सगळे चालू होते. केसांचा विषय मात्र दोघी चुकवत होत्या.

पुढे असे झाले, की केस वाढू लागले तसे मुळाशी पुन्हा कुरळे उगवू लागले. वर कुरळे, खाली सरळ. स्प्रिंगने आत्याकडे स्ट्रेटनर मागितला. त्याच सुमारास नाट्यगृहात आचेचे आकडे दाखवणारे नवे यंत्र आले होते. "हा जुना घेऊन जा," आत्या म्हणाली. कसा वापरायचा ते तिने सांगितले नाही. मुलीने विचारले नाही.

मित्रांनो, तिच्या खोलीतले दिवस वेगळेच होते. रोज सकाळी ती न्हाऊन यायची, केस अजून दमट असतानाच माझी चकती टोकापर्यंत फिरवायची आणि मला लावायची. चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची. एकच बट पुन्हा पुन्हा ओढली जायची. सुरुवातीला केस असे चकाकले, की मैत्रिणी वळून बघत. मग टोके केरसुणीसारखी झाली. ती झाकायला ती मला आणखी तापवू लागली. माझ्या पट्ट्यांवर जळक्या क्रीमचे पुट चढले. ते कुणी पुसले नाही.

औषधाने सरळ केलेल्या केसाची आतली वीण सैल झालेली असते. पाणी त्यात चटकन शिरते आणि तितक्याच चटकन निघून जाते. म्हणजे त्याला इतरांपेक्षा जास्त ओल द्यायची आणि इतरांपेक्षा कमी आच. तिथे सगळे उलटेच चालले होते. शेवटी एका सकाळी, जिथे कुरळा केस संपून सरळ सुरू होत होता नेमकी तिथेच, कानशिलावरची अख्खी बट तुटून तिच्या हातात आली. ती कितीतरी वेळ त्या बटेकडे बघत बसली. मग तिने माझी वायर काढली, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि मी गार झाल्यावर मला पिशवीत टाकले.

तिच्यापुढचा पेच मोठा होता. नाट्यगृहाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता. पहिल्यांदाच सबंध कार्यक्रम तिच्या एकटीवर सोपवलेला होता.

टोपांच्या खोलीत आत्या राणीचा टोप विंचरत होती. स्प्रिंग दारातूनच म्हणाली, "आत्या, मला एक टोप दे."

आत्याने तिच्याकडे पाहिले, कंगवा खाली ठेवला आणि जवळ जाऊन रुमाल सोडला. कानशिलाची ती जागा बघितली.

"दे ना. आणि हे बाकीचे कापून टाक," मुलगी म्हणाली. "तुला कुरळेच हवे होते ना? येतील पुन्हा."

"मी कधी म्हटलं असं?"

"म्हणाली नाहीस. पण तेव्हापासून तू नीट बघितलंसुद्धा नाहीस माझ्याकडे."

आत्या स्टुलावर बसली. "मला वाटलं, तुला आमच्या केसांची लाज वाटते. तुझ्या बाबांच्या, माझ्या."

"लाज कसली गं." मुलीचा आवाज खाली आला. "मला फक्त त्या वेणीच्या सकाळी नको होत्या. तू टोपांना भिजवून, कुरवाळत, खालून वर विंचरायचीस. आणि मला कोरडंच, वरून खाली. मी इथे उभी राहून त्या राणीकडे बघायचे. वाटायचं, आपणही टोप असतो तर बरं झालं असतं."

आत्याने आपल्या हातांकडे पाहिले.

"बोलली का नाहीस कधी?"

"बसचा हॉर्न वाजायचा."

आत्या उठली. तिने पदर खोचला, गॅसवर पाणी ठेवले आणि स्टूल बेसिनपाशी ओढले. "बस इथं. टोप हवा असेल तर देईन, फळीवरचा कुठलाही. पण आधी हे बघू दे."

त्या दिवशी तिने भाचीचे केस टोपासारखे धुतले, असे मी म्हणणार नाही. टोप धुताना तिला डोळे पुसावे लागत नसत. कोमट पाणी, मग भरपूर कंडिशनर, मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल डोक्याला गुंडाळून ठेवला. तुटलेल्या बाजूशी जुळवून दुसरी बाजूही कापली, कानाच्या पाळीपर्यंत. ओल्या केसांतच क्रीम लावले, टोकांना दोन थेंब तेल चोळले, आणि बोटांनी, अगदी टोकांपासून गुंता सोडवला. गुंता सुटेना तिथे थांबली. मध्येच विचारायची, "दुखतंय?"

"नाही," मुलगी म्हणायची. एकदा म्हणाली, "थोडं." आत्याने हात उचलला आणि पुन्हा खालून सुरुवात केली.

"कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत आच बंद," आत्याने बजावले. "रोज ओलावा द्यायचा. झोपताना डोक्याला गुळगुळीत कापड बांधायचं. उशी केसातलं सगळं पाणी पिऊन टाकते. आणि पुन्हा औषध लावायचंच झालं, तर नव्या उगवलेल्या भागालाच. सरळ झालेल्याला दुसऱ्यांदा नाही."

"म्हणजे सरळ ठेवले तर चालेल तुला?"

"डोकं तुझं आहे. मला काळजी फक्त ते निगेने राखण्याची."

कार्यक्रमाच्या दिवशी आत्याने नवे यंत्र बाजूला सारले आणि मला हातात घेतले. ओल्या फडक्याने माझ्या पट्ट्यांवरचे पुट घासून काढले. चकती मंद खुणेवर आणली. केस कोरडे ठणठणीत झाल्याची दोनदा खात्री केली, आच सोसायचे क्रीम लावले आणि एकेक बट एकदाच, अलगद माझ्यातून काढली. वाफ नाही, चर्र नाही. कितीतरी महिन्यांनी मला माझे काम ओळखीचे वाटले.

व्यवस्थापक डोकावले. आखूड केस बघून चपापले. "आत्या, लांब केसांचा टोप नव्हता का एखादा?"

"होते की," आत्या म्हणाली. "पण हिनंच नको म्हटलं."

मी टेबलावर गार होत पडलो होतो. रंगमंच मला दिसत नव्हता, पण लाकडी छतातून तिचा आवाज येत होता. कुठे अडखळला नाही. शेवटी टाळ्यांनी फळीवरची डोकी थरथरली. राणीचा टोप तर एका कानावर कलला. आत्याने तो सरळ केला आणि तशीच उभी राहून ऐकत राहिली.

त्यानंतर दर रविवारी मुलगी यायची. केस भिजायचे, गप्पा व्हायच्या, मी कधीमधी तापायचो. सुखाचा काळ भरभर जातो, मित्रांनो. तिला दूरच्या शहरात आकाशवाणीवर नोकरी लागली. आत्या निवृत्त झाली आणि मला घरी घेऊन आली. मग मी एका खणात पडलो. सोबतीला कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, संपलेले सेल आणि अर्धी मेणबत्ती. वर्षे गेली. वायरीवर भेगा पडल्या. आपली आठवण कुणाला असेल, असे मला वाटेनासे झाले.

एकदा सुट्टीत भाची आली. आत्याची बोटे आता सांध्यांत आखडली होती, हात डोक्यापर्यंत जात नव्हते. केस पांढरेशुभ्र झाले होते, पण वळसे तेच. भाचीने पाणी कोमट केले, तिला खुर्चीत बसवले आणि निगुतीने न्हाऊ घातले. केस वाळत आले, तेव्हा आत्या एकदम म्हणाली, "खणात तो जुना आहे बघ. सरळ कर की माझे. आयुष्यभर दुसऱ्यांचे केले, आपण कसे दिसतो ते तरी बघू."

भाचीने मला पुसले, वायर नीट तपासली, भेगांवर चिकटपट्टी गुंडाळली. माझा लाल दिवा लागला. चांदीसारखी एकेक बट माझ्यातून निघाली आणि आत्याच्या गालांलगत, खांद्यापर्यंत उतरली. भाचीने आरसा समोर धरला.

आत्या बघतच राहिली. मग तिने आखडलेले बोट आरशाला लावले.

"आई," ती हळूच म्हणाली.

तिची आई सरळ केसांची होती, ती गेल्याला कितीतरी वर्षे झाली होती. केसांमुळे आत्याला जन्मभर सगळे म्हणत आले, ही बापाच्या वळणावर गेली. चेहरा आईचा आहे, हे त्या वळशांमागे तिला स्वतःलाही कधी दिसले नव्हते. ती तशीच बसून राहिली. भाचीने आरसा खाली घेतला नाही. हात भरून आला तशी तिने फक्त हात बदलला.

दुसऱ्या दिवशी केस पुन्हा भिजले आणि वळसे जागच्या जागी आले. "गेली पाहुणी," आत्या म्हणाली, आणि तिने चहा मागितला.

मित्रांनो, मी आता पुन्हा खणात आहे. माझी वायर पार सोलवटली आहे, म्हणून कुणी मला लावू नये, हे माझे पहिले सांगणे. माझी तरुण भावंडे तुमच्या घरी असतील, त्यांना काम झाल्यावर बंद करा, गार झाल्यावर पुसा. केस सरळ ठेवा नाहीतर कुरळे, ती तुमची मर्जी. पण आच देण्याआधी त्यांना ओल द्या आणि नीट वाळू द्या. आणि कुणाच्या डोक्याला हात लावणार असाल, तर चपलांसारखी घाईसुद्धा दाराबाहेर काढून ठेवा.