चार्जिंग संपलंय, म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कोपऱ्यांवरचा माझा रंग उडाला आहे, काही बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि काम जरा वाढलं की माझा पंखा घरघरायला लागतो. शिवाय मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. तेव्हा माझा सगळ्यांवर विश्वास होता. माझी मालकीण वेबसाइट तयार करण्याचं काम करते. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा मी घरी आलो. तिची आई मला मऊ फडक्याने पुसायची आणि शेजारणींना कौतुकाने दाखवायची. ऑफिसात मालकिणीच्या बाजूच्या खुर्चीवर तिची मैत्रीण बसायची. तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं, म्हणून तिला सगळे टकळी म्हणत. टकळीकडे स्वतःचं यंत्र नव्हतं. दोघी माझ्यावरच शिकल्या. एक टाइप करायची, दुसरी चुका काढायची, आणि पान नीट उघडलं की दोघी मिळून मला थोपटायच्या.

पुढे दोघींची ऑफिसं वेगळी झाली. मालकिणीच्या ऑफिसात एक साहेब होते. एकदा ते हसत म्हणाले, "जरा लॅपटॉप दे गं, एक मेल बघायचीय." तिने विश्वासाने मला त्यांच्या हाती दिलं. साहेबांनी माझ्यातून तिचं अर्धवट काम उचललं आणि पुढच्या बैठकीत स्वतःचं म्हणून दाखवलं. मित्रांनो, मी सगळं पाहत होतो. पण मला तोंड कुठे आहे? मालकिणीने आरडाओरडा केला नाही. तिने नोकरी बदलली, माझ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, शेजारच्याला काही दिसू नये म्हणून पडद्यावर काळी फिल्म बसवली आणि असा लांबलचक पासवर्ड ठेवला की कधीकधी तिचा तिलाच चुकायचा. तेव्हापासून आम्ही दोघं एकाच स्वभावाची झालो.

अशात वेब प्रोग्रामिंगची एक मोठी कॉन्फरन्स आली. मोठं सभागृह, गळ्यात बिल्ले अडकवलेली माणसं, आणि जिकडेतिकडे फुकट वाटप! फुकट पेन ड्राइव्ह, फुकट चार्जिंगच्या वायरी, फुकट वायफाय. वायफायची तर एकसारख्या नावांची तीन जाळी दिसत होती. त्यातलं खरं कुठलं, देव जाणे. मालकिणीने कशालाच हात लावला नाही. भिंतीला पाठ टेकून बसता येईल अशी खुर्ची तिने शोधली. मला तिचा अभिमान वाटला.

तेवढ्यात टकळी आली. "अगं चष्मिश! किती वर्षांनी!" असं म्हणत तिने मालकिणीला मिठी मारली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा म्हातारा अजून जिवंत आहे?"

मालकीण हसली, पण तिने माझं झाकण हळूच अर्धं मिटलं.

टकळीचं काहीतरी बिनसलेलं होतं. तिच्या बिल्ल्यावर फक्त नाव होतं, कंपनी नव्हती. "सध्या कुठे आहेस?" असं विचारलं तर म्हणाली, "आहे एका ठिकाणी." आणि लगेच उलट विचारलं, "तू सांग ना, तुमच्याकडे काय चाललंय? कशावर काम करताय? माणसं किती आहेत?" पूर्वीची टकळी स्वतःबद्दल बोलताना थांबत नसे. ही मात्र स्वतःबद्दल अवाक्षर काढत नव्हती आणि आमच्याबद्दल खोदून खोदून विचारत होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मालकिणीच्याही मनात चुकचुकली असावी, कारण तिची बोटं माझ्या झाकणावर घट्ट झाली.

मग टकळीने साहेबांचं तेच वाक्य उच्चारलं. "जरा लॅपटॉप देतेस? थोड्या वेळासाठी."

"चार्जिंग संपलंय गं," मालकीण म्हणाली.

मित्रांनो, माझी बॅटरी काठोकाठ भरलेली होती. माझा पंखा खुशाल घरघरत होता. टकळीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मैत्रिणीकडे. "बरं, राहू दे," एवढंच म्हणून ती निघून गेली. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

दुपारी आम्ही सभागृहात बसलो, तर मंचावर टकळी! तिच्यासमोर एक लॅपटॉप होता आणि मागच्या मोठ्या पडद्यावर शब्द होते : अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका.

"नमस्कार," टकळी म्हणाली. "हा माझ्या भावाचा लॅपटॉप आहे. सकाळपासून हेच सांगतोय. माझा होता तो कंपनीने परत घेतला, नोकरीबरोबरच." काही जण हसले. ती हसली नाही. "नेट मध्येच गेलं तरी माणसाने लिहिलेलं पुसलं जाऊ नये, असं पान मी बनवलंय. ते दाखवायचं होतं. आता नुसतं सांगते."

ती सांगू लागली. पण न दिसणारी गोष्ट किती वेळ सांगणार? मागच्या रांगांतले लोक उठू लागले. तिला काम देऊ शकणारी माणसं त्यातच असतील, हे मलाही कळत होतं.

अचानक मालकिणीने मला छातीशी धरलं आणि ती चालू लागली. सरळ मंचावर गेली. भावाच्या लॅपटॉपमधली मोठ्या पडद्याची वायर काढून तिने मला जोडली. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमला, आणि माझा सगळा संसार भिंतीएवढा होऊन परक्या लोकांसमोर उघडा पडला. मी तर शरमून गेलो! मालकिणीने मात्र मान वर केली नाही. तिने टकळीला खुर्ची दिली आणि म्हणाली, "उघड तुझं पान."

टकळीने पान उघडलं, त्यात चार ओळी लिहिल्या आणि मालकिणीच्या फोनवरून मिळणारं माझं नेट बंद केलं. पुन्हा सुरू केलं. चारही ओळी जागच्या जागी होत्या. उठलेले लोक परत बसले.

नंतर दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

"मी खोटं बोलले," मालकीण म्हणाली.

"माहीत आहे. पंखा ओरडत होता." टकळीने डोळे पुसले. "पण मीही कुठे खरं सांगितलं? नोकरी गेली म्हणायला जीभच उचलेना. तुमच्याकडे जागा आहे का, तेवढं काढून घेत होते." मग ती म्हणाली, "पासवर्ड बदल आधी. पहिल्या रांगेने तुझी बोटं पाहिली असतील."

मालकिणीने तिथल्या तिथे बदलला. टकळीने मान वळवली. आता तिच्यावर पूर्ण विश्वास बसला का, असं विचाराल, तर अजून थोडी धाकधूक आहे. काही दिवसांनी तिला काम मिळालं. आमच्याकडे नव्हे, दुसरीकडे. पण आता ती रविवारी घरी येते आणि तिचं तोंड पुन्हा बंद नसतं.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. आम्हाला जपा, आमच्यावर पाणी सांडू नका, अनोळखी वायरी जोडू नका, संशय जरूर घ्या. पण ओळखीचं माणूस विचित्र वागू लागलं, तर झाकण मिटण्याआधी त्याला एकदा विचारा, "काय झालंय गं?"