फय्यूमच्या पिल्लांची सूज

“हळू गं पोरी! पिल्लाचा पाय आहे तो, मुलुखियाच्या भाजीची काडी नव्हे पाला ओरबाडायला!”

वीस वर्षं झाली, शहाताकाकांचा तो आवाज अजून माझ्या पोलादात घुमतो. मित्रांनो, मी एक जुना जाडीमापक आहे. दोन जबडे, एक तबकडी, एक काटा, एवढाच माझा संसार. इजिप्तमधल्या फय्यूमच्या कोंबडी-संशोधन केंद्रात काका पिल्लं सांभाळायचे. ती नवखी पोर, नवाल, पुढे डॉक्टर झाली आणि मी तिच्या खिशात राहिलो.

पिल्लाच्या पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्यात नवाल घेवड्याचा अर्क टोचायची. अंगात रोगाशी झुंजायचं बळ असेल, तर तिथं सूज चढते. दुसऱ्या दिवशी ती मी मोजायचो. केसाएवढा फरकही माझ्या काट्यातून सुटत नसे. मध्यंतरी चमकत्या आकड्यांचं नवं यंत्र आलं, मी खणात पडलो. एका उन्हाळ्यात ते आंधळं झालं, आणि मी पुन्हा खिशात!

यंदा काकांनी घरच्या कोंबड्यांची अंडी उबवून चंदेरी मानेची पिल्लं आणली. अर्क टोचल्यावर दुसऱ्या दिवशी बाकीच्या पिल्लांचे पाय टरारून सुजले. यांना मात्र सूजच नाही.

“हा वाण दुबळा निघाला, काका,” नवाल म्हणाली. “गुरुवारी सगळी कसायाकडे.”

एरवी जिभेला हाड नसलेले काका दाण्यांची बादली उचलून बाहेर गेले.

त्यांची सूज मोजताना माझे जबडे कलौंजीच्या तेलाने निसरडे झाले होते. काका गुडघ्यांना रोज तेच तेल चोळत, म्हणून त्या वासाचं नवालला काही वाटलं नाही. मी आकडा खराच दाखवला. पण मला जबडा आहे, जीभ नाही. मित्रांनो, आम्हाला पुसून जपून ठेवा, आणि आमचा आकडा लिहिण्याआधी पिल्लं सांभाळणाऱ्या माणसालाही दोन शब्द विचारा.

गुरुवारी खजुरीच्या काड्यांचे पिंजरे आले. काकांनी पहिलं पिल्लू उचललं आणि तिथंच मटकन बसले.

“काय झालं काका? गुडघा का?”

“गुडघ्याला काय धाड भरलीय! हसायचं तर हस, हाकलायचं तर हाकल. घरच्या पिल्लांचे सुजलेले पाय मला बघवले नाहीत, पोरी. तू मोजायच्या आधी रात्रभर एकेकाला तेल चोळत बसलो. पिल्लं दुबळी नाहीत गं, सूज मी उतरवली!”