क्लेटनचा पत्ता

तीन वर्षं मी जगभरच्या अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवली, ती काही हौस म्हणून नव्हे. मला माझ्या मुलाचा पत्ता निघायला हवा होता.

आमच्या कार्डांच्या मंडळात कुणाला लिहायचं हे आपल्या हातात नसतं. संगणकावर बटण दाबलं की कुणातरी सभासदाचा पत्ता निघतो, लॉटरीसारखा. त्याला कार्ड टाकायचं. ते पोचलं की तो तशी नोंद करतो, आणि मग आपला पत्ता भलत्याच कुणालातरी निघतो. आलेल्या कार्डाची नोंद न करणं म्हणजे या लोकांत निव्वळ हलकटपणा.

क्लेटन आमच्याच कॅनडात, पण तिकडे अल्बर्टात असतो, समुद्रापासून पार लांब. बापाला पुरून आठवडा झाला नाही तोच त्याने बापाची होडी विकली, मला न विचारता. मग मी त्याला धक्क्यावर, गावादेखत, बोलायचं ते बोलले. आजही बोलेन! तो गेला तो गेलाच. फोन उचलेना. मी पत्रं लिहिली, ती न फोडता परत आली, वर त्याच्याच अक्षरात 'परत पाठवा'. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, खड्ड्यात जा, मी काही पाया पडायला येत नाही.

पुढे माझी भाची सांगत आली की क्लेटन संध्याकाळी एकटाच बसून असली कार्डं लिहितो, आलेल्या कार्डांवरची तिकिटं जमवतो. दुसऱ्या दिवशी मी सभासद झाले. त्याचा पत्ता मला लॉटरीत निघाला, तर ना मी वाकले ना तो वाकला. आणि सभासद म्हटल्यावर कार्ड परत धाडायची त्याची बिशाद नव्हती.

मग काय, बटण दाबायचं, आणि निघायचा फिनलंडचा कुणी सुतार नाहीतर तैवानची शाळामास्तरीण. एका जर्मन बाईने लिहिलं, उद्या आमच्या बोक्याचं ऑपरेशन आहे. झालं, एवढंच! आता तो जगला की मेला, मला कसं कळावं? रात्रभर मला बोक्याचा घोर. दर खेपेला वाटायचं, पुढचं नाव त्याचंच.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही कार्डवाले अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमतो. प्रत्येकाचं कार्ड टेबलाभोवती फिरतं आणि सगळे त्यावर सही करतात. गेल्या वसंतात सह्या करता करता मी थेल्माला, म्हणजे माझ्या शेजारणीला, सहज म्हटलं, "मला मेलं एकदासुद्धा कॅनडातलं कुणी निघालं नाही बघ."

थेल्माने पेन खाली ठेवलं. "निघेल कसं? स्वतःच्या देशातले पत्ते हवे असतील तर तशी खूण करावी लागते. केलीस का?"

"कसली खूण?"

"अगं बये! ती केली नाही तर फक्त बाहेरचेच पत्ते मिळतात. पहिल्याच दिवशी विचारतात की!"

पहिल्या दिवशी मला कसली शुद्ध होती? मी क्लेटनचं नाव शोधत होते. तीन वर्षं मी जिथे तो असूच शकत नव्हता त्या पेटीत हात घालून बसले होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं, सगळ्यांसमोर. लोकांनी घाईघाईने आपापली कार्डं माझ्यापासून लांब ओढली, शाई फुटेल म्हणून.

थेल्मा मला घरी घेऊन आली. सॉवरक्राउट, म्हणजे आमचा आंबवलेला कोबी, आणि सॉसेज गरम करून पुढे ठेवलं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "आता करते खूण. निघेल कधीतरी."

"देशात हजारो सभासद आहेत. तू आणि मी दोघी मरून जाऊ."

"मग काय करू?"

"पत्ता तर तुला पाठ आहे ना? टाक सरळ कार्ड."

"आणि परत आलं म्हणजे?"

"येऊ दे. पत्र न फोडता परत करता येतं. कार्डाला पाकीट असतं का? 'परत पाठवा' लिहायला तरी त्याला ते हातात धरावं लागेल, व्हर्ना."

मेली नेहमी बरोबरच असते.

धक्क्याचं चित्र असलेलं कार्ड घेतलं. माफी मागायची नव्हती, दोष द्यायचा नव्हता. शेवटी लिहिलं, 'तुझ्या बाबाच्या होडीला त्या नव्या माणसाने हिरवा रंग दिलाय. भयाण दिसते. हेरिंग मासळी यंदा बरी आहे. – आई.' थेल्माने तिच्या साठ्यातलं एक जुनं, गलबताचं तिकीट दिलं. ते लावून कार्ड पोस्टात टाकलं.

तीन आठवड्यांनी पोस्टातल्या ग्रेटाने कार्ड माझ्यासमोर सरकवलं. नजर वर केली नाही तिने. "परत आलंय गं," म्हणाली.

'परत पाठवा.' क्लेटनचंच अक्षर.

"आणि तिकीटही नाही त्यावर," ग्रेटा म्हणाली. "बिनतिकिटाचं इथवर कसं आलं, देव जाणे."

मी कार्ड उजेडात धरलं. तिकीट लावलं होतं तो कोपरा फाटलेला नव्हता. कागद तिथे फुगून सुकला होता, आणि 'आई' या शब्दाची शाई जरा पसरली होती.

जमवणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिकीट असं सोडवायचं तर कार्ड कोमट पाण्यात ठेवायचं आणि डिंक सुटेपर्यंत थांबायचं. घाई केली की तिकीट फाटतं. रागाच्या भरात हे काम होतच नाही. माझा क्लेटन एवढा वेळ त्या कार्डासमोर बसला होता. त्याच्या आईचं अक्षर पाण्यात, आणि तो बसून.

"काय झालं? बरी आहेस ना?" ग्रेटाने विचारलं.

"तिकिटं दाखव," मी म्हटलं. "चांगली दाखव. होड्यांची असतील तेवढी सगळी काढ."

त्या दिवशीच्या कार्डावर मी इतकी तिकिटं लावली की लिहायला एका ओळीपुरतीच जागा उरली.