नळावरची रीहाम

"बाई, सणाला ढोलकी वाजवायची नाही, तर काय उशाला घेऊन झोपायचं?" असं म्हणून बोटीवरच्या त्या तरण्या पोराने थाप मारलीच.

इन्शिराहने वाद घातला नाही. आपल्या आठ वर्षांच्या लेकीचे, रीहामचे, कान दोन्ही तळव्यांनी झाकून ती तिला बोटीच्या मागच्या टोकाला घेऊन गेली. धुरामुळे तिथे कुणी बसत नसे. इंजिनाच्या एकसुरी धडधडीत ढोलकी बुडून गेली. रीहामने थरथरत्या पत्र्याला गाल टेकला आणि ती शांत झाली. कैरोचा धक्का मागे पडला तशी इन्शिराहला एकटीलाच हसू फुटलं. निघालो बाई एकदाचे!

गेल्या वर्षी याच वसंताच्या सोमवारी, शम्म अल-नसीमच्या सणाला, रीहामने धक्क्यावरच लोळण घेतली होती आणि शेकडो लोकांसमोरून तिला उचलून घरी न्यावं लागलं होतं. इन्शिराहचा नवरा सबरी बस चालवायचा, सणालाही त्याला सुट्टी नसे. आज पहाटे बूट घालताना त्याने सांगूनच टाकलं होतं, की या खेपेलाही तमाशा झाला तर पुढच्या सणापासून पोरीला घरातच ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलेला ऑटिझम हा शब्द तो तोंडातून काढत नसे. "पोरीचं ते" एवढंच म्हणायचा.

पण इन्शिराहने वर्षभर मनात एक बेत शिजवला होता. रीहामला पाण्याचं वेड. मोरीतल्या नळाखाली ती तास न् तास बसायची. एवढ्याशा धारेत पोर इतकी रमते, तर ही बोट जायची त्या मोठ्या बंधाऱ्याच्या दारांतून अख्खी नील नदी कोसळताना बघून ती काय करेल? नुसत्या कल्पनेनेच इन्शिराहला रात्रभर झोप लागली नव्हती.

बंधारा आला. पाणी गर्जत होतं, तुषार पार बंधाऱ्यावरच्या पुलापर्यंत उडत होते. इन्शिराहने लेकीला कठड्याशी उभं केलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. रीहामने एकदाच पाण्याकडे बघितलं, जांभई दिली, आणि हात सोडवून बंधाऱ्यालगतच्या बागेकडे पळाली. इन्शिराह मागे धावली, तर पोर चिंचोळ्या ओट्यावरच्या एका अर्धवट बंद केलेल्या नळापाशी बसलेली.

एवढ्या लांब येऊन शेवटी नळच. इन्शिराहने कपाळाला हात लावला, आणि तिला इतकं हसू आलं, की शेजारी चटई टाकून बसलेली म्हातारी विचारू लागली, काय झालं म्हणून.

दुपार झाली. सगळ्या बागेत कागदांच्या पुड्या सुटल्या आणि खारवलेल्या माशाचा तो उग्र वास पसरला. फसीख, म्हणजे हा सणाचा मासा, खायचा तो हातानेच, कांद्याच्या पातीबरोबर. आणि मग कोपरापर्यंत बरबटलेले हात घेऊन माणसं नळाकडे निघाली. त्या भागात नळ तेवढा एकच. एका दांडग्या माणसाने नळाच्या चावीला हात घातला मात्र, रीहामने किंकाळी फोडली आणि ओट्यावर डोकं आपटायला लागली.

"अगं, उचल की तिला," मागची बाई करवादली. "मी असे बरबटलेले हात माझ्या लेकराला लावू का?"

इन्शिराहला सबरीचे शब्द आठवले. ती कशीबशी म्हणाली, "उचलते. पण एकदा तिला नळ उघडू द्या. तिच्या हाताने."

मग एका पांढऱ्या दाढीच्या हाजींनी पुढे होऊन दोन्ही हात नळाखाली धरले आणि भीक मागावी तसे मुकाट्याने थांबून राहिले. रीहामचं रडणं ओसरत गेलं. तिने ते हात बघितले. चावी फिरवली. हात धुऊन झाले, तशी चावी घट्ट बंद केली.

"तुझे हात सलामत राहोत, पोरी," हाजी म्हणाले. "चला, पुढचा कोण? आणि चावीला हात लावायचा नाही हं, नळाच्या मालकीणबाई इथे बसल्यात."

रांग लागली! दांडगा माणूस शेपटाला जाऊन उभा राहिला. प्रत्येकासाठी एकदा उघडायचा, एकदा बंद करायचा. थेंबसुद्धा वाया नाही. जो तो "तुझे हात सलामत राहोत" म्हणायचा. घरच्या इमारतीच्या जिन्यात ज्या पोरीला कुणी हाक मारत नव्हतं, तिला त्या एका दुपारी मिळालेले आशीर्वाद तुम्हीआम्ही जन्मभरात मिळवत नाही.

चटईवरच्या म्हातारीने इन्शिराहच्या पुढ्यात भाकरी आणि फसीखचा तुकडा ठेवला. रीहामला घरात तो वास खपत नसे, म्हणून इन्शिराहने आठ वर्षांत मासा तोंडात घातला नव्हता. आज तिने खाल्ला. बोटं चाटून खाल्ला. मग उठून सगळ्यांच्या मागे रांगेत उभी राहिली.

नंबर आला तेव्हा तिने दोन्ही हात नळाखाली धरले. रीहामने नाक मुरडलं, क्षणभर मान फिरवली; पण चावी फिरली. आईच्या हातांवर पाणी पडलं, इतरांवर पडलं होतं तेवढंच. रीहामची नजर धारेवरच होती. चावी बंद झाली.

"तुझे हात सलामत राहोत, पोरी," इन्शिराह म्हणाली.

परतीच्या बोटीचा भोंगा वाजायला अजून अवकाश होता. ओले हात तसेच ठेवून ती गेली आणि रांगेच्या शेवटी पुन्हा उभी राहिली.